‘मुले पाहिजेत’ : गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमधील समान संधीचे प्रकरण

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीच्या वेळी गेले की अनेक कारखान्यांच्या फाटकांवर एकाच धाटणीचा मजकूर वाचायला मिळतो : ‘सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर मुले पाहिजेत. अनुभवी व शिकाऊ. समक्ष भेटा.’ सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकाने चालणारी, धातू कापून भाग घडवणारी यंत्रे. फलक लिहून घेणाऱ्याच्या मनात कोणाला डावलायचे असते असे नाही. ‘मुले’ म्हटल्यावर मुलींनी विचारायलाही यायचे नाही असा अर्थ निघतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. फलक वाचणाऱ्या मुलीच्या मात्र ते लगेच लक्षात येते. प्रस्तुत प्रकरण असा फलक लावलेल्या एका कारखान्यातील आहे. कारखान्याचे, मालकांचे आणि कामगारांचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

कारखाना मध्यम आकाराचा आहे. परिसरातील फाउंड्र्यांतून येणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, यंत्रकाम करून ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांना लागणारे भाग येथे तयार होतात; अशा कारखान्याला मशीन शॉप किंवा नुसते शॉप म्हणतात. मालकांचे वडील शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळात लेथवर मिस्त्री होते. दोन लेथवर सुरू केलेला धंदा मुलाने वसाहतीत आणून वाढवला. कंत्राटी माणसे धरून सुमारे ऐंशी जण कामाला होते. त्यांत नऊ स्त्रिया होत्या : दोघी कार्यालयात आणि सात जणी तपासणीच्या टेबलावर, ज्याला सगळे ‘इन्स्पेक्शन’ म्हणतात. मशीनवर एकही नव्हती.

अर्ज

२०२४ च्या पावसाळ्यात इन्स्पेक्शनमधील एका मुलीने वहीच्या पानावर अर्ज लिहून कार्यालयात दिला. आपण आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड पूर्ण केला आहे, मशीनवर जागा रिकामी आहे आणि आपल्याला ती मिळावी, एवढाच त्यातला आशय होता. अर्जावर महिनाभर उत्तर मिळाले नाही. तिने पुन्हा विचारल्यावर सुपरवायझरने ‘बघू’ म्हटले. तिसऱ्यांदा तिने मला विचारले, कारण लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालील अंतर्गत समितीची बाहेरची सदस्य म्हणून मी त्या कारखान्यात बैठकीला गेले होते आणि भिंतीवरच्या यादीत माझे नाव होते.

ही तक्रार त्या समितीच्या अधिकारात येत नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे. २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. बढती, कामाचे वाटप आणि पगार यांतील भेदभावाची चौकशी त्या समितीने करायची नसते. मी मालकांना तसे सांगितले आणि हेही सांगितले की समितीचा विषय नसला तरी हा कायद्याचा विषय आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मॅडम, समितीत बसत नसलं तर ऱ्हाऊ दे. पण आमच्यात खरंच तसं काय होत असंल तर मला कळाय पायजे. तुम्ही वेगळं बघून द्या.” मालकाने स्वतःहून कागद उघडे करणे ही गोष्ट मी फारशी कुठे पाहिलेली नाही. पुढे जे झाले त्याचे निम्मे श्रेय या एका वाक्याला आहे.

दोन फाइली

मी पहिल्यांदा दोन फाइली मागितल्या. एक अर्जदार मुलीची, दुसरी तिच्याच आयटीआयमधून, त्याच तुकडीतून, त्याच ट्रेडमधून आलेल्या एका मुलाची. दोघे एका महिन्याच्या अंतराने रुजू झाले होते. गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर मुलीचे गुण थोडे जास्तच होते. मुलाच्या नेमणूकपत्रावर ‘शिकाऊ ऑपरेटर’ असे लिहिले होते आणि मुलीच्या नेमणूकपत्रावर ‘हेल्पर, इन्स्पेक्शन’. अडीच वर्षांनंतर मुलगा सेटर झाला होता, म्हणजे नवीन जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) आला की टूल बसवणे, ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा) देणे, पहिला नग काढून मंजूर करून घेणे हे काम तो करत होता. मुलगी हेल्परच होती. दोघांच्या हातात पडणाऱ्या पगारात साडेचार हजार रुपयांचे अंतर पडले होते.

मालकांना हे दाखवल्यावर त्यांचे पहिले म्हणणे असे होते की आज दोघांचे काम वेगळे आहे, म्हणून पगार वेगळा आहे. ते खोटे नव्हते. सेटरचे काम आणि टेबलावरच्या तपासणीचे काम एक नाही. परंतु त्यामुळे मूळ प्रश्न सुटत नाही, मागे जातो, इतकेच. एकसारखे शिक्षण घेऊन आलेल्या दोघांपैकी एकाला मशीनवर आणि दुसरीला टेबलावर कोणी पाठवले, आणि कशाच्या आधारावर? फाइलीत त्याचे उत्तर नव्हते. मुलाखतीची नोंद नव्हती, चाचणीची नोंद नव्हती. सुपरवायझरला विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, “मॅडम, जॉब जड असत्यात. पोरीच्या जातीला झेपायचं न्हाई. तिला त्रास नको म्हणून तर टेबलावर बसवलं.” हे बोलताना त्यांच्या स्वरात आकस नव्हता, आपण त्या मुलीवर मेहेरबानी केली असे त्यांना मनापासून वाटत होते.

जड जॉब

मग आम्ही जॉब वजन केले. डिस्पॅचच्या काट्यावर त्या महिन्यात चालू असलेला प्रत्येक जॉब ठेवला. बहुतेक सात-आठ किलोंच्या आतले निघाले. सर्वांत जड हाउसिंग बावीस किलोंचे होते आणि ते मशीनमध्ये चढवायला चेन होइस्ट लावलेला होता. पुरुष ऑपरेटरही ते हाताने उचलत नव्हते.

वजन चालू असताना माझे लक्ष इन्स्पेक्शनच्या टेबलाकडे गेले. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब प्लास्टिकच्या क्रेटमधून टेबलापाशी येतो. तेथील बाई तो क्रेटमधून उचलते, फडक्याने पुसते, बोअरमध्ये, म्हणजे भोकात, गो-नोगो गेज (माप बरोबर आहे का ते दाखवणारा दांडा) घालते, फिरवून दुसरी बाजू पाहते, व्हर्नियर लावते, खूण करते आणि दुसऱ्या क्रेटमध्ये ठेवते. ऑपरेटर एक जॉब मशीनमध्ये ठेवतो, दार लावतो, बटण दाबतो आणि मशीनचे चक्र पूर्ण होईपर्यंत त्याच्या हाताला विसावा असतो. टेबलावर तो नसतो, कारण दोन-तीन मशीनचा माल एका टेबलावर येतो. म्हणजे जो जॉब मुलीला मशीनमध्ये ठेवायला झेपणार नाही असे सगळ्यांनी धरून ठेवले होते, तोच जॉब सहा फुटांवर त्याच मुली पाळीभर उचलत होत्या, आणि ऑपरेटरपेक्षा जास्त वेळा उचलत होत्या. मालक आणि सुपरवायझर दोघेही माझ्या शेजारी उभे होते. मी काही बोलले नाही. सुपरवायझरनी एक क्रेट स्वतः उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

हा प्रसंग मी सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या अनुभवात खासगी कारखान्यांतील असमानता बहुतांशी अशीच असते. तिला कोणी धोरण म्हणून लिहिलेले नसते. एखादी समजूत सर्वांच्या डोळ्यांसमोर रोज खोटी ठरत असते, तरी ती तपासून पाहण्याचे काम कोणाकडे दिलेले नसल्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते.

सेटिंग कधी शिकवतात

ऑपरेटरचा सेटर होण्याचा मार्ग पाहिला तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली. कारखान्यात प्रशिक्षणाचा कार्यक्रम नव्हता. मुले पाळी सुटल्यावर तास-दीड तास थांबायची, जुना सेटर दुसऱ्या पाळीचा जॉब लावत असेल तेव्हा शेजारी उभी राहायची आणि बघून शिकायची. साडेपाचला पाळी सुटली की इन्स्पेक्शनमधील स्त्रिया गाडीच्या वेळेसाठी महामार्गाकडे चालू लागायच्या, कारण नंतरची गाडी अंधार पडल्यावर गावात पोचते. कोणी त्यांना शिकू नका असे म्हटले नव्हते. शिकवण्याची वेळच अशी होती की त्या तेथे असूच शकत नव्हत्या.

वर्गवारीचा प्रश्न याला जोडून आला. किमान वेतनासाठी कामगारांची कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी विभागणी करतात. इन्स्पेक्शनच्या सातही जणी अकुशल म्हणून दाखवल्या होत्या. वस्तुतः त्या ड्रॉइंग वाचत होत्या, मायक्रोमीटरवर शंभरावा भाग मोजत होत्या आणि प्रत्येक क्रेटच्या टॅगवर सही करत होत्या. ग्राहकाकडून माल परत आला तर त्या सहीवरून विचारणा व्हायची. रात्रपाळीला हेच काम एक पुरुष करत होता आणि तो अर्धकुशल म्हणून नोंदला होता. येथे मात्र ‘काम वेगळे आहे’ हे उत्तर चालत नव्हते.

कायद्याची बाजू

खासगी उद्योगाला समान संधीचे बंधन नाही, हा समज कारखानदारांत बराच रुजलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६ मधील हमी सरकारी नोकऱ्यांपुरती आहे आणि आरक्षण खासगी क्षेत्राला लागू नाही, यावरून हा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. प्रकरण उद्भवले तेव्हा समान वेतन अधिनियम, १९७६ लागू होता आणि तो खासगी मालकालाही बांधील धरत होता. त्याच्या कलम ४ नुसार एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुषांना सारखे वेतन द्यावे लागे आणि कलम ५ नुसार भरतीत भेदभाव करता येत नसे. १९८७ च्या दुरुस्तीने त्यात बढती, प्रशिक्षण आणि बदलीही आली. काम ‘सारख्या स्वरूपाचे’ आहे का, हे पदनामावरून ठरवायचे नसते. कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांत व्यवहारात महत्त्वाचा फरक आहे का, ते पाहायचे असते. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या स्त्री लघुलेखिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हेच सांगितले, आणि कंपनीची आर्थिक ओढाताण हे असमान वेतनाचे समर्थन होऊ शकत नाही, असेही स्पष्ट केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९७६ च्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. वेतन आणि भरती यांतील लिंगभेदाची मनाई तिच्या कलम ३ मध्ये आहे. पुरुषाचे वेतन खाली आणून बरोबरी साधता येणार नाही, हा नियम जुन्या कायद्यात होता आणि नव्यातही आहे.

या दृष्टीने पाहिल्यास फाटकावरचा फलकच कायद्याला सोडून होता. मालकांना याचे खरेच आश्चर्य वाटले.

त्यांच्या मनात आणखी एक भीती होती, जी दुसऱ्या बैठकीत बाहेर आली : मुली मशीनवर तयार करायच्या आणि लग्नानंतर सव्वीस आठवड्यांची पगारी रजा द्यायची, हे लहान कारखान्याला परवडत नाही. ही भीती मी अनेक मालकांकडून ऐकली आहे आणि ती बहुधा चुकीच्या हिशोबावर उभी असते. दरमहा एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य विमा योजनेत येतो आणि त्या योजनेतील स्त्रीला प्रसूतिकाळातील रोख लाभ महामंडळाकडून मिळतो, मालकाच्या खिशातून जात नाही. या कारखान्यातील सातही जणी योजनेत होत्या. त्यांची वर्गणी दरमहा भरलीही जात होती. ज्या खर्चाच्या धास्तीने मुलींना मशीनवर घेतले जात नव्हते, तो खर्च मालकांवर पडणारच नव्हता. बदली माणूस तयार ठेवण्याची अडचण खरी आहे, पण ती पुरुषाने महिन्याची नोटीस देऊन दुसऱ्या कारखान्यात उडी मारली तरी येते, आणि मशीन शॉपमध्ये ती वारंवार येते.

ओळखीची भरती

अर्जदार मुलीचा प्रश्न येथपर्यंत स्पष्ट झाला होता. परंतु भरतीची वाट शोधताना जे दिसले ते तिच्यापुरते राहिले नाही. मी सुपरवायझरना प्रत्येक ऑपरेटरच्या नावापुढे त्याला कोणी आणले ते लिहायला सांगितले. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. बहुतेक मुले दोन गावांतली होती आणि कोणी ना कोणी कोणाचा चुलतभाऊ, मेहुणा किंवा गल्लीतला होता. फलक फाटकावर होता खरा, पण फलक वाचून आलेला माणूस क्वचितच लागला होता.

याचे समर्थन त्यांनी केले ते ऐकण्यासारखे आहे. ओळखीचा माणूस दांडी मारत नाही, मारली तर घरी जाऊन विचारता येते. नवख्याला शिकवले आणि तो पळाला तर वेळ वाया जातो. उत्पादनाची जबाबदारी अंगावर असलेल्या माणसाचे हे व्यवहारी उत्तर आहे आणि मी ते खोडून काढले नाही. मी फक्त पत्त्यांची यादी पुढे ठेवली. त्याच दोन गावांतील दलित वस्तीतला एकही मुलगा मशीनवर नव्हता. साफसफाई आणि चिप्स (मशीनमधून पडणारा धातूचा कीस) उचलण्याच्या कंत्राटावर मात्र त्या वस्तीतली माणसे होती, आणि त्यांतील एकाचा मुलगा आयटीआय होऊन हुपरी रस्त्यावरच्या एका दुकानात काम करत होता. त्याच्या वडिलांना विचारले तर ते म्हणाले, “आमाला कोण सांगणार जागा निघाली म्हणून?” ते चिप्सची गाडी ढकलत रोज त्याच मशीनसमोरून जात होते.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, केवळ आडनावांनी वेगळे अर्ज पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे कमी मिळाले. तेथे निदान अर्ज पोचला होता. ओळखीच्या भरतीत अर्ज करण्याची वेळच येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत वेतनाच्या कायद्यात भरतीविषयी सरळ तरतूद आहे. जातीच्या बाबतीत त्या कायद्यात तशी तरतूद नाही. त्यामुळे या भागात मी मालकांना कायद्याचा धाक घालू शकले नाही आणि घालायचाही नव्हता.

दिव्यांगांच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. भरतीच्या कागदांत एक परत केलेला अर्ज सापडला : कर्णबधिर तरुण, टर्नर ट्रेड, शेरा ‘मशीनचा आवाज कळणार नाही’. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ नुसार खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण तयार करावे लागते, आणि त्याखालील नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदे आणि निवडीची पद्धत नोंदवावी लागते. असे धोरण या कारखान्यात नव्हते. ज्या जिल्ह्यात नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सारखी दिव्यांगांसाठीची संस्था १९८४ पासून उभी आहे, त्या जिल्ह्यातील कारखान्यांना हे कागद ठाऊक नसावेत याचे मला वाईट वाटते. शेऱ्याबद्दल बोलायचे तर सीएनसी मशीनच्या डोक्यावर सहसा लाल, पिवळा आणि हिरवा दिवा असतो. चक्र संपले, अलार्म आला, की दिवा बदलतो. त्या शॉपमध्ये एकाच वेळी इतकी मशीन चालतात की ऐकू येणारे ऑपरेटरही कानाने नव्हे, दिव्याकडे बघूनच काम करतात.

तिमाही तक्ता

मालकांच्या केबिनमध्ये राजर्षी शाहू महाराजांची तसबीर आहे. कोल्हापुरात ती नसलेली केबिन शोधावी लागते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्याचे येथे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्या हुकमाचा शेवटचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यात असे फर्मावले होते की हुकमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावे. महाराजांना आपली नोकरशाही माहीत होती. प्रमाण ठरवून दिल्याने खाते बदलत नाही. दर तीन महिन्यांनी नेमलेल्यांची नावे वर पाठवावी लागली की ते बदलू लागते.

हा हुकूम सरकारी नोकऱ्यांचा होता आणि खासगी कारखान्याला प्रमाणाचे बंधन नाही, हे मी मालकांना स्पष्ट सांगितले. मी त्यांच्याकडे फक्त पत्रक मागितले. एका पानाचा तक्ता ठरला. तीन महिन्यांत कोणती जागा निघाली, ती कोठे जाहीर केली, कोणी अर्ज केले, चाचणी कोणती घेतली, कोणाला घेतले आणि न घेतलेल्यांना का घेतले नाही, हे सुपरवायझरने लिहायचे. मालकांनी वाचून सही करायची. जात विचारायची नाही, अर्जावर तो रकाना ठेवायचा नाही. पत्ता आणि आयटीआय एवढे पुरते. बढतीसाठीही असाच रकाना ठेवला : सेटिंग कोणाला, कोणत्या तारखेला शिकवले.

सुपरवायझर सुरुवातीला नाराज होते. आपल्यावर अविश्वास दाखवला जातो आहे असे त्यांना वाटले, आणि सतरा वर्षे एका कारखान्यात घालवलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक होते. मालकांनी येथे एक शहाणपण केले : चाचणी काय असावी, ते ठरवण्याचे काम त्यांच्याकडेच दिले. त्यांनी ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटर लावणे आणि एक जॉब फिक्स्चरमध्ये बसवणे अशी अर्ध्या तासाची परीक्षा तयार केली. ती चांगली आहे; शेजारच्या दोन कारखान्यांनी ती मागून नेली.

पुढचे वर्ष

अर्जदार मुलगी चाचणी देऊन मशीनवर गेली. तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडून ऑफसेट चुकला आणि बोअरिंग बार (भोक मापात कापणारे टूल) मोडला. दुपारच्या चहाला शॉपभर तीच चर्चा होती. मी योगायोगाने त्या दिवशी तेथे होते. मालकांनी टूल रूमची नोंदवही मागवली आणि चहाच्या जागीच सर्वांसमोर मागच्या सहा महिन्यांतील मोडलेल्या टूलच्या नोंदी वाचल्या. प्रत्येक शिकाऊ मुलाचे नाव त्यात होते, काहींचे दोनदा. त्यांच्या वेळी ‘शिकताना व्हतंच’ म्हणून विषय संपला होता. नोंदवही मिटून मालक तिच्या मशीनपाशी गेले, नवीन बार बसवून झाल्यावर निघालेला पहिला नग त्यांनी स्वतः मोजला आणि टॅगवर सही केली. मालकाने पाच मिनिटे मशीनपाशी उभे राहण्याचा परिणाम कोणत्याही परिपत्रकाने झाला नसता.

सेटिंग आता पाळीच्या आत, आठवड्यातून दोनदा शिकवले जाते. स्वच्छतागृह हा लहान वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा होता : स्त्रियांचे स्वच्छतागृह कार्यालयामागे होते, आणि मशीन सोडून मैदान ओलांडून जाऊन यायला चहाची सुट्टी पुरत नव्हती, म्हणून शॉपच्या भिंतीला लागून नवे बांधले. इन्स्पेक्शनच्या सातही जणींची वर्गवारी अर्धकुशल झाली आणि मागचा फरक तीन हप्त्यांत दिला गेला. दोघी आणखी मशीनवर आल्या. तिघी म्हणाल्या की आम्हाला टेबलच बरे आहे, आणि त्यांचे ते म्हणणे तसेच मान्य करण्यात आले. ज्याची निवड त्याने करावी, यासाठीच हा सगळा खटाटोप होता. कर्णबधिर तरुणाला पत्र पाठवून बोलावले. तो चाचणीत पहिला आला आणि आता व्हीएमसीवर आहे. चिप्स उचलणाऱ्या कामगाराचा मुलगा दुसऱ्या तिमाहीत लागला.

सगळे जुळून आले असे नाही. एक सेटर ‘इथं आता पोरींचंच ऐकत्यात’ असे म्हणून सोडून गेला. रात्रपाळीचा प्रश्न तर आजही सुटलेला नाही. बायकांना रात्री कामाला ठेवायला कायद्याची परवानगीच नाही, हे मालकांचे म्हणणे जुने होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून अटींसह ती मुभा दिली, आणि आता व्यावसायिक सुरक्षा संहितेतही स्त्रीची स्वतःची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर ती आहे. पण तिघींसाठी रात्री घरापर्यंत गाडी सोडायचा खर्च एकट्या कारखान्याला जड आहे, आणि गाडी नसताना संमती मागणे म्हणजे नकार मागणे. परिणामी तिघी फक्त दिवसपाळी करतात आणि त्यांच्या वाट्याच्या रात्री पुरुषांवर पडतात. पुरुष ऑपरेटरांनी याबद्दल तक्रार केली तेव्हा मी ती रास्त मानली. समान संधी म्हणजे समान पाळीही. त्या ओळीतील चार कारखान्यांनी मिळून एक गाडी ठेवावी असा प्रस्ताव मालकांनी शेजाऱ्यांपुढे ठेवला आहे. दोघांनी होकार दिला आहे, एकाला आपल्याकडे स्त्रियाच नाहीत, मग गाडी कशाला, असे वाटते.

फाटकावरचा फलक बदलला. आता त्यावर ‘सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत. स्त्री, पुरुष, दिव्यांग उमेदवार. चाचणी दर सोमवारी सकाळी दहा’ असे आहे, आणि त्याची प्रत आयटीआयच्या सूचनाफलकावर तसेच त्या दोन गावांच्या ग्रामपंचायतींत लावली जाते. मागच्या तिमाहीचा तक्ता मी पाहिला तेव्हा त्यात एक गोष्ट राहून गेलेली आढळली : साफसफाईच्या कंत्राटावरच्या माणसांचा त्यात उल्लेखच नव्हता, कारण ती ‘आपली’ नाहीत, कंत्राटदाराची आहेत. चौदा वर्षे त्याच शॉपमध्ये काम केलेल्या माणसाचे नाव कारखान्याच्या एकाही कागदावर नव्हते. मालकांनी पेन काढून तक्त्याखाली हाताने आणखी एक रकाना आखला आणि पुढच्या तिमाहीपासून कंत्राटदाराकडून ती नावे, त्यांचे वेतन आणि त्यांच्यापैकी कोणी चाचणीला बसायला तयार आहे का, हे लिहून मागवायचे ठरवले.